बाळाचं उष्टं

माझी लेक साडेपाच महिन्यांची असताना मी कामावर रुजू झाले आणि अकराव्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. रात्री दहापर्यंत आठ लंगोट झाले होते. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तिची टाळू चाचपून पाहिली, जीभ ओली आहे का पाहिलं, शू किती वेळा झाली विचारलं. मग विचारलं, "दिवसा काय पाजता?" मी ठामपणे सांगितलं, "माझंच दूध. काढून ठेवते." "आणि वाटीत उरलेलं?" मी म्हणाले, "टाकून देतो."

शेजारी बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "टाकायचं कशाला? झाकून फ्रीजमध्ये ठेवते. चारच्या दुधात घालते."

मी एका बँकेत आहे. घर सोलापुरात, शाखा तिसेक किलोमीटरवर. सकाळी साडेआठला घर सोडते, संध्याकाळी सातला परत. कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनं प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली, ती मी पुरेपूर घेतली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं, असंही त्या दुरुस्तीत आहे. पण आमच्या शाखेत आम्ही सहाजण. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला दिवसातून दोन वेळा सवड द्यायची, ही तरतूद मात्र १९६१च्या मूळ कायद्यातलीच. त्या दोन सवडी मी दूध काढायला मागून घेतल्या आणि रेकॉर्ड रूमला आतून कडी बसवून घेतली. मागताना जीभ अडखळली, पण मागितलं. संडासात उभं राहून दूध काढायची वेळ कुणावर येऊ नये, आणि आली तर निमूट सोसू नये. ते बाळाचं जेवण आहे.

रजा संपायच्या महिनाभर आधीपासून मी सवय केली होती. पहिल्या दिवशी हातपंपात जेमतेम ३० मिली आलं आणि मी रडले. मला वाटलं, आपल्याला दूधच नाही. पंपात येतं तेवढंच अंगात असतं, हा समज फार आयांचा जीव खातो. बाळ ओढतं तेव्हा पान्हा फुटतो. प्लास्टिकला शरीर तसं ओळखत नाही, त्याला दिवस द्यावे लागतात. दवाखान्यातल्या सिस्टरनी हातानं काढायला शिकवलं आणि पुढं माझं बरंचसं काम हातावरच झालं. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्राच्या मुळापासून दोनेक सेंटिमीटर मागं. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं. बोटं कातडीवरून घासत पुढं आणायची नाहीत. माझं पहिल्यांदा तेच होत होतं आणि आग व्हायची. रेकॉर्ड रूममध्ये मी मोबाइलवर लेकीचा आवाज लावायची. दोन-तीन मिनिटांत छातीत मुंग्या यायच्या आणि धार लागायची.

हे सगळं मी शिकले. हात साबणानं धुणं, डब्या उकळणं, त्या फडक्यानं न पुसता निथळू देणं, तारीख घालणं. आणि जी दिवसातले दहा तास लेकीला पाजणार होती, तिला मी एवढंच सांगितलं होतं: "आई, डबीतलं दूध कोमट करून द्या." माझी चूक ती हीच.

सासूबाईंच्या घरात दूध न तापवता कधी कुणाच्या पोटात गेलेलं नाही. त्यामुळं 'कोमट करा' याचा त्यांनी लावलेला अर्थ असा होता: पातेल्यात ओतायचं, एक उकळी आणायची, मग निववायचं. मला याचाही पत्ता नव्हता. आणि उष्ट्याचं म्हणाल, तर त्या अतिशय काटेकोर. आमटीचा डाव ताटाला लागला तरी तो धुतल्याशिवाय परत पातेल्यात जात नाही. पण लेकराचं उष्टं त्या उष्टं मानत नाहीत. "देवाघरची पोर ती, तिचं कसलं उष्टं? आणि एवढ्या कष्टानं काढलेलं आईचं दूध मोरीत ओतू?" हे त्या दवाखान्यात बोलल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यात निष्काळजीपणा नव्हता. माझ्या कष्टांची किंमत त्या घरात सगळ्यात जास्त त्यांनाच होती.

डॉक्टर म्हणाले, जुलाब याच्यामुळंच झाले असं छातीठोक सांगता येणार नाही, या वयात मूल हाताला येईल ते तोंडात घालतं. पण हे आजपासून बंद. ओआरएस दिलं, जस्ताचं औषध १४ दिवसांचं दिलं, अंगावर पाजणं एक वेळही चुकवू नका म्हणून बजावलं. चौथ्या दिवशी पोट ताळ्यावर आलं.

समजावण्याचं काम सिस्टरनी केलं, एका वाक्यात. "आजी, कोमट दुधात चमचाभर विरजण पडलं तर काय होतं?" सासूबाई म्हणाल्या, "दही." "तसं बाळाच्या तोंडाला लागलेला चमचा परत वाटीत गेला की तिची लाळ दुधात जाते, लाळेतले जंतू जातात. दूध कोमट, त्यातून आपला सोलापूरचा एप्रिल. फ्रीजमध्ये ठेवलंत तरी विरजण पडलेलं ते पडलेलंच." त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण तो प्रश्न मलाच होता.

त्या रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो आणि सगळं पहिल्यापासून ठरवलं. टाकायचं दूध मुळात उरूच नये म्हणून डब्या लहान केल्या: साठ मिलीच्या, झाकणाच्या, स्टीलच्या. भूक राहिली तर दुसरी उघडायची. पाजायला सुरुवात केल्यापासून दोन तासांत जे संपलं नाही ते टाकायचं, कितीही जीव तुटला तरी. उकळी बंद, कारण जंतूंशी लढणारे दुधातले घटक उकळीत नष्ट होतात. डबी गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा. मायक्रोवेव्ह तर नाहीच. त्यात दूध एका जागी थंड आणि एका जागी जीभ पोळेल इतकं गरम होतं. बाटली आम्ही घेतलीच नाही. सासूबाईंच्या माहेरचं चांदीचं बोंडलं आहे, ते उकळून घेतो, नाहीतर वाटी-चमचा.

वेळेचं गणित असं. ताजं दूध खोलीत चार तास टिकतं असं सांगतात, पण ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून बाहेर ठेवायचा हिशेबच आम्ही सोडून दिला. काढलं की लगेच बर्फाचे पॅक घातलेल्या पेटीत, घरी आल्यावर फ्रीजमध्ये आत, मागच्या बाजूला. दारात नाही, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. तिथं चार दिवस. वेगळ्या दाराच्या डीप फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगलं राहतं. पण आमच्यासारख्या एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर मी दोन आठवड्यांच्या वर भरवसा ठेवत नाही. गोठलेलं दूध आदल्या रात्री खाली उतरवायचं, पूर्ण वितळल्यावर २४ तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही. ताजं कोमट दूध गार डबीत ओतायचं नाही, आधी तेही गार करायचं.

तारखा मी इंग्रजी आकड्यांत बारीक लिहायची, त्या सासूबाईंना चष्म्यातूनही वाचता यायच्या नाहीत. तोडगा त्यांनीच काढला. डब्या एका ओळीत, जुनी उजवीकडे, नवी डावीकडे, हात नेहमी उजवीकडून. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक वाटीला पेन्सिलीची एक रेघ. संध्याकाळी आल्यावर मी चपला काढायच्या आधी त्या रेघा मोजते.

दोन गोष्टींनी आम्ही घाबरलो, त्याही सांगते. फ्रीजमधल्या दुधाचे दोन थर होतात, वर साय, खाली निळसर पाणी. ते फाटलेलं नसतं. डबी हलके फिरवली की एकजीव होतं. दुसरं, काहींच्या साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दुधातलंच लायपेज नावाचं पाचक द्रव्य स्निग्धांश फोडतं, त्याचा तो वास. दूध खराब नसतं. माझ्या सहा डब्या मी या वासापायी ओतून दिल्या, त्याची हळहळ अजून आहे. आंबट, नासका वास आला तर मात्र टाकायचंच.

शेजारची एक बाळंतीण "मला कमी पडतं, तुझ्यातलं दे" म्हणाली तेव्हा मन द्रवलं, पण दिलं नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत देणारीची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात, मगच ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. घरच्या डबीमागं यातलं काहीच नसतं. तिला मी सिस्टरांकडे घेऊन गेले. बाळ छातीला नीट लागत नव्हतं, एवढंच निघालं.

गेल्या आठवड्यात पुण्याहून नणंदेचा फोन आला. तिची रजा संपत आलीय. मी पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येत होता: "तुझ्या सासूबाईंना दे बघू फोन. तू नंतर बोल. हां, विहीणबाई, तुम्ही विरजण कसं लावता?"