अंड्याची टरफलं: मृगाआधी काय करून ठेवाल

मृगाला महिना उरला की परसातल्या वाफ्यांची उकराउकर सुरू होते. गेल्या वर्षी अळूचा वाफा खणताना माझ्या कुदळीला अंड्याची टरफलं लागली. दोन वर्षांपूर्वी मीच पुरलेली, आणि परवा टाकल्यासारखी शाबूत. हाताने चुरडून मातीत ढकललेल्या टरफलाचं खत होतं, ही माझी समजूत त्या दिवशी संपली.

टरफल म्हणजे सुमारे 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडीच ती. भुगा जितका बारीक आणि माती जितकी आंबट, तितकी ती लवकर विरघळते. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीतून पाऊस चुना धुऊन नेतो, म्हणून तिथे टरफलाचं काम आहे. देशावरच्या काळ्या जमिनीत बहुतेक ठिकाणी चुनखडी आधीच भरपूर. तिथे हा खटाटोप करू नये. शंका असेल तर चिमूटभर सुकी माती बशीत घेऊन वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली, तर विषय संपला. नाही फसफसली, तरी माती परीक्षण करून घ्या आणि सामू 6 च्या खाली असेल तरच पुढे चला.

साधारण 60 ग्रॅमच्या अंड्याला 6 ग्रॅम टरफल निघतं. घरच्या दोन-चार अंड्यांत काही भागत नाही. नाक्यावरच्या भुर्जीच्या गाडीवर झाकणाची बादली देऊन ठेवावी. दहा ट्रे खपले तर 300 अंडी, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास माल. एकराला चुना द्यायचा तर टनाच्या हिशेबाने लागतो, तेव्हा ही गोष्ट परसबाग, कुंड्या आणि रोपवाटिकेपुरती.

बादली आणली त्याच दिवशी टरफलं धुवा. आतला पापुद्रा कुजला की शेजारी तक्रार घेऊन येतात आणि उंदीर तक्रार न करता येतात. दहा मिनिटं पाण्यात उकळून पत्र्यावर पसरा. वैशाखाच्या उन्हात दोन दिवसांत ती अशी वाळतात की मुठीत दाबली की कुरकुरून मोडतात. मग उखळात कुटा किंवा टाकाऊ मिक्सरमध्ये फिरवा; चांगल्या भांड्याची पाती बोथट होतात. नाकाला फडकं बांधा. भुगा वस्त्रगाळ हवा. चाळणीवर राहिलेली भरड पुन्हा उखळात. सगळी मेहनत या पायरीची आहे आणि लोक नेमकी हीच टाळतात.

बारा इंची कुंडीला दोन चमचे भुगा पुरे. नुसता वर भुरभुरू नका, मातीत कालवा, आणि पाऊस लागण्याआधीच. युरिया त्याच वेळी देऊ नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. गांडूळखताच्या वाफ्यात अधूनमधून मूठभर टाकलात तर ओल्या कचऱ्याचा आंबटपणा उतरतो.

घाई असेल तर व्हिनेगर. काचेच्या बरणीत एक भाग टरफलाला दहा भाग व्हिनेगर. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू तयार होतो. बुडबुडे थांबले की गाळा. एक लिटर पाण्यात एक-दोन मिलिलिटर घालून फवारा. बरीच टरफलं तळाशी तशीच राहतील, कारण व्हिनेगर आधी संपतं. ती वाळवून पुन्हा कुटायला घ्या.

टोमॅटोचं बूड काळं पडलं की जो तो टरफलं सुचवतो. बहुतेक वेळा दोष पाण्याच्या पाळीचा असतो: चार दिवस कोरडं, मग एकदम पाट. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत जातं. पाणीच तुटलं तर मातीतला साठा काय कामाचा? आधी आच्छादन करा. गोगलगायी टरफलांच्या कुंपणाला घाबरतात असंही सांगतात. घाबरत नाहीत; शंख बांधायला त्यांनाही चुनाच लागतो.

परसात कोंबड्या असतील तर चाळणीवरची भरड त्यांना ठेवा. अंड्यावरच्या कोंबडीला रोज सुमारे 4 ग्रॅम कॅल्शियम लागतं. मात्र भरड उकळलेल्या टरफलांचीच हवी, आणि अंड्याचा आकार ओळखू येणार नाही इतकी मोडलेली. नाहीतर खुराड्यातली अंडी फोडून खायची खोड लागते.