चिरा, रँडम फंक्शन आणि मुकादमांची पहार



राजापूरला आमच्या आजोळी घर, विहीर, गडगा सगळं जांभ्या दगडाचं. सड्यावरच्या चिरेखाणीत मशीन आधी उभे-आडवे काप घेतं, मग चिरा तळातून सुटा करतात. सुट्टीत म्हटलं, किती चिरे फुकट जातात ते कॉम्प्युटरवर काढून बघू.

मॉडेल सोपं होतं. चिरा वरून 14 इंच बाय 9 इंच धरला, म्हणजे एकेक इंचाचे 126 चौकोन. 100 चिऱ्यांचे 12,600. कापाची जाडी सोडून दिली. जांभ्यात मध्येच मऊ माती लागते, म्हणून शंभरात 1 चौकोन कच्चा धरला आणि रँडम फंक्शनने सगळीकडे पसरला. एक जरी कच्चा चौकोन आला तरी चिरा बाद. मग चिरा चांगला निघण्याची शक्यता 0.99 चा 126 वा घात, म्हणजे साधारण 0.28. शंभरातले 72 चिरे बाद!

मी वही घेऊन खाणीवर गेले. मुकादमकाका हसले. "बाय, असं असतं तर खाण कधीच बंद पडली असती. कच्चं काय तीळ पेरल्यासारखं नसतं, एका जागी असतं." त्यांनी पहारेने ठोकून दाखवलं. पक्का दगड खणखणीत वाजतो, कच्चा बद्द.

रात्री तेच 126 कच्चे चौकोन एका चिऱ्याएवढ्या जागेत आणले. कापाच्या रेघा कशाही पडोत, जास्तीत जास्त 4 चिरे बाद. रेघा सरकवून कच्ची जागा बरोबर एका चिऱ्यात बसवली, तर फक्त 1. कच्चा दगड तेवढाच, उत्तरं मात्र तीन: 72, 4 आणि 1.

हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. जितके चिरे बाद, तितका सडा जास्त खणायचा. याच तालुक्यात देवाचे गोठणे, बारसू इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. खणलेला सडा पुन्हा उगवत नाही.

तेव्हा प्रोजेक्टवाल्यांनो, 'रँडम' टाइप करण्याआधी एकदा साइटवर जा. पहार हातात असलेल्या माणसाला विचारा, दोष किती आहे आणि कुठे आहे. त्यातला 'कुठे' मी विसरले होते.