शेडकार्डावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचे ठरले की सारे घर शेडकार्डाभोवती जमते. ताईला आकाशी हवा असतो, आईला मोतिया. आणि निर्णय होतो तो बोटाच्या पेराएवढ्या चौकोनाकडे पाहून. आमच्याकडेही तसेच झाले. भिंतींना फिकट अबोली आणि दारांना राखाडी असे ठरले. रंगाऱ्याने दुसरा हात संपवला आणि पाहतो तो काय, खोली भडक केशरी दिसत होती आणि राखाडी दारे चक्क निळसर! डबे चुकीचे दिले असे समजून मी तावातावाने दुकानात गेलो. बरोबर त्याच रंगाने रंगवलेला पुठ्ठा नेला होता. दुकानदाराने शांतपणे शेडकार्ड त्यावर ठेवले. रंग तंतोतंत जुळला! पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे आधीच सुचायला हवे होते.

अशीच एक तक्रार पॅरिसमध्ये गाजली होती. तेथील गोबलँ कारखान्यात लोकरीच्या धाग्यांनी मोठमोठी भित्तिचित्रे विणली जात. १८२४ साली तेथील रंगशाळेची सूत्रे शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. काळा धागा निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत विणला की फिका दिसतो, अशी तक्रार होती. शेव्ह्रलने इतर ठिकाणची काळी लोकर मागवून ताडून पाहिली. आपला काळा रंग कोठेच कमी नव्हता. दोष रंगात नव्हता, शेजारात होता! या शोधावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला.

तुम्हीही हे पाहू शकता. राखाडी पुठ्ठ्याचे रुपयाएवढे दोन तुकडे कापा. एक लाल घोटीव कागदावर ठेवा, दुसरा हिरव्यावर. दोन्हींवर पतंगाचा पातळ पांढरा कागद पसरा आणि पाहा. लालवरचा तुकडा हिरवट दिसेल, हिरव्यावरचा गुलाबीसर. पुठ्ठा तर एकच होता!

असे का व्हावे? डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांच्याकडून आलेले संदेश डोळा आणि मेंदू जसेच्या तसे घेत नाहीत. शेजारच्या भागाशी तुलना करून घेतात. म्हणून प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या पूरक रंगाची छटा चढवतो. ज्या दोन रंगांचे प्रकाश योग्य प्रमाणात मिसळले असता पांढरा प्रकाश मिळतो, ते परस्परांचे पूरक. (येथे प्रकाश मिसळायचा आहे, डब्यातला रंग नव्हे. वर्गात हा गोंधळ नेहमी होतो.) केशरीचा पूरक निळा, म्हणून आमची राखाडी दारे निळसर झाली. दोन गडद पूरक रंग एकमेकांना अगदी खेटून लावले, तर दोघेही एकमेकांना भडकवतात आणि कड डोळ्यांना खुपते. मध्ये पांढरा पट्टा सोडला की ती निवते.

पण भिंती भडक का झाल्या? त्याला मात्र निव्वळ पदार्थविज्ञान कारण आहे. समजा, अबोली भिंत लाल प्रकाशाचे ८० टक्के परावर्तन करते आणि निळ्याचे ५० टक्के. एकदा परतलेल्या प्रकाशात लाल निळ्याच्या १.६ पट असेल. तो समोरच्या अबोली भिंतीवर आपटून पुन्हा परतला की लाल उरेल ६४ टक्के, निळा २५. म्हणजे सुमारे अडीच पट. तिसऱ्या खेपेस चौपट! खोलीत हा सारा प्रकाश एकत्र मिसळतो. शेडकार्डाला समोरची भिंत नसते, म्हणून ते फिके दिसते. केशरी घोटीव कागद उघड्या पुस्तकासारखा दुमडून उजेडात धरा. घडीत रंग गडद झालेला दिसेल. उलट, केशरी भिंतीसमोर हिरवी भिंत असेल तर तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशात लाल कमी असतो आणि केशरी मळकट दिसू लागतो. कार्डावर शेजारी शोभलेले दोन रंग खोलीत समोरासमोर आले की पडतात ते असे.

म्हणून रंग निवडताना हातभर लांबीचे दोन पुठ्ठे रंगवा आणि खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करा. शेजारी दाराचा रंगही ठेवा. सकाळी पाहा, आणि रात्री दिवा लावूनही पाहा. पिवळसर दिव्याच्या प्रकाशात निळा भाग कमी असल्याने आकाशी रंग हमखास मंद होतो. मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घेतली तर बहुधा पस्तावा होत नाही.

आमच्या खोलीत दाराची भिंत धरून तीन भिंती आम्ही मोतिया करून घेतल्या. अबोली एकाच भिंतीवर ठेवला. दारांना रंगाऱ्याने हातही लावला नाही. ती आता राखाडी दिसतात.