खार्दुंगला, भाड्याची सायकल आणि पंधरा लाख ज्यूल

टीई मेकॅनिकलची परीक्षा संपली की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक उरतात. एक इंटर्नशिपवाले आणि दुसरे लडाखवाले. आम्ही चौघे दुसऱ्या गटात होतो. लेहला जाऊन बुलेट भाड्याने घेणारे पुष्कळ असतात, आम्ही माउंटन बाइक घेतली, म्हणजे पेडलची, घाम काढणारी. परत आल्यापासून हॉस्टेलवर जो तो विचारतो, "सायकल मिळते कुठे? कुठली घ्यायची? डायरेक्ट खार्दुंगलालाच जायचं का?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच काढू. प्रवासवर्णन यात फारसं नाही. थर्मो आणि डिझाइनमध्ये आपण जे शिकतो ते रस्त्यावर कसं लागू पडतं, तेवढंच आहे.

आधी शहर समजून घ्या

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३२५६ मीटरवर आणि मुख्य बाजार साधारण ३५०० मीटरवर. म्हणजे लेह हे सपाट शहर नाहीच, सिंधूच्या खोऱ्याकडे उतरणारा एक मोठा उतार आहे. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण दाबच कमी म्हटल्यावर प्रत्येक श्वासात रेणू कमी येतात. पहिल्या दिवशी हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर सॅक नेताना मला धाप लागली, आणि मी काही आळशी माणूस नाही!

म्हणून पहिला नियम: विमानाने गेलात तर किमान ४८ तास सायकलला हात लावायचा नाही. पाणी प्यायचं, बाजारात हळूहळू भटकायचं, झोपायचं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही उंचीच्या त्रासाची लक्षणं. ती असताना आणखी वर चढायचं नाही आणि वाढली तर खाली उतरायचं. गोळ्या घ्यायच्या असतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, रूम पार्टनरला नको.

दुकानात काय बघायचं

बाजारात सायकल भाड्याने देणारी बरीच दुकानं आहेत. आम्ही चार ठिकाणी विचारलं. पहिल्या दुकानात सायकली चकाचक धुतलेल्या होत्या. मागचं चाक उचलून फिरवलं, तर डिस्क एका जागी घासत होती आणि पॅड जवळजवळ संपलेलं. मालक म्हणाला, "भैया, सब चलता है, कल ही टॉप से आयी है." टॉपवरून आली म्हणूनच तर पॅड संपलं होतं! आम्ही नमस्कार करून पुढे निघालो.

आमची तपासणी अशी होती. एका सायकलला दहा मिनिटं लागतात.

१. माप. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून वरच्या दांड्यावर उभं राहायचं. दांडा आणि आपण यात निदान चार बोटं अंतर हवं. मग सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. असं केलं म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकतो. तेवढाच हवा.

२. ब्रेक. पॅडवरचा घर्षणाचा थर एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल तर बदलून मागा. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक असेल तर लिव्हर हँडलला टेकायच्या बऱ्याच आधी चाक थांबलं पाहिजे. हायड्रॉलिक असेल आणि लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे असं समजा. हवा दाबली जाते, ऑइल जात नाही, म्हणून सगळा जोर हवा दाबण्यात जातो.

३. हँडल. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. 'टक टक' जाणवलं तर हँडलचे बेअरिंग ढिले आहेत.

४. चाकं. क्विक रिलीज घट्ट आहे का? चाक फिरवल्यावर डुलतं का? एखादा स्पोक ढिला आहे का?

५. गिअर. प्रत्येक गिअर टाकून बघा, विशेषतः सर्वात हलका. तोच जास्त लागणार आहे.

६. सोबत काय? हेल्मेट, पंप, जादा ट्यूब, टायर लिव्हर, ॲलन की. ट्यूब टायरच्या मापाचीच आहे ना, तेही बघा.

व्यवहाराचं म्हणाल तर भाडं दिवसाचं की चोवीस तासांचं, डिपॉझिट किती, मोडतोड झाली तर कोण भरणार, हे पावतीवर लिहून घ्या. ओळखपत्राची मूळ प्रत ठेवू नका, झेरॉक्स द्या. सायकलवरच्या जुन्या ओरखड्यांचे मोबाइलवर फोटो काढा, दुकानदाराच्या समोरच. वाद तिथेच मिटतो.

गिअरचं थोडं गणित

आमच्या सायकलला पुढे ४२, ३२, २२ दात आणि मागे ११ ते ३२ असे आठ गिअर होते. सर्वात हलका गिअर म्हणजे पुढे २२, मागे ३२. गुणोत्तर ०.६९. २६ इंची चाकाचा परीघ साधारण २.०७ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल फक्त १.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी जेमतेम ५ किलोमीटर. चालण्याचाच वेग! पण ५ टक्के चढावर ८५ किलोचं ओझं (मी, सायकल आणि सॅक) या वेगाने न्यायला ७० वॅट पुरतात. लेहमध्ये फुप्फुसं तेवढं मुकाट्याने देतात, त्याच्या दुप्पट मागितलं की भांडतात. म्हणून चढावर लाज न बाळगता हलका गिअर टाकावा.

वाट कशी निवडायची

अमेरिकेत आणि इतरत्र माउंटन बाइकच्या वाटांवर रंगीत खुणा असतात. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. सरासरी चढाचा ढोबळ हिशोब हिरव्यासाठी ५ टक्के, निळ्यासाठी १० आणि काळ्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत. लेहभोवतीच्या रस्त्यांवर आम्हाला अशा पाट्या दिसल्या नाहीत, मग रंग आपणच ठरवायचा.

गंमत बघा. खार्दुंगलाची खिंड ५३५९ मीटरवर आणि लेहपासून साधारण ३९ किलोमीटर. उंचीतला फरक १८५९ मीटर. भागिले ३९,०००, म्हणजे ४.८ टक्के. चक्क हिरवं वर्तुळ! इथेच सरासरी फसवते. चढ तेवढाच असला तरी तो ३९ किलोमीटर चालतो आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. म्हणून आम्ही प्रत्येक वाटेला चार प्रश्न विचारले: एकूण चढ किती? सर्वात जास्त उंची किती? चढ सुरुवातीला आहे की शेवटी? आणि मध्येच माघार घ्यायची झाली तर गाडी मिळेल का?

या चार प्रश्नांतून आमचा क्रम असा ठरला.

तिसरा दिवस: लेह–शे–ठिकसे. जाताना शे १५ आणि ठिकसे १९ किलोमीटरवर. रस्ता डांबरी. सुरुवातीला चोगलमसरपर्यंत मस्त उतार, मग सिंधूच्या काठाने जवळजवळ सपाट. ठिकशाचा मजल्यावर मजले चढवलेला मठ लांबूनच दिसतो. पण लक्षात ठेवा, सुरुवातीचा हाच उतार परतताना शेवटचा चढ होतो. सुमारे ८ किलोमीटरमध्ये २५० मीटर, म्हणजे ३ टक्के. त्यात दुपारी खोऱ्यात वारा सुटतो, आम्हाला तो थेट तोंडावर होता. शेवटच्या ८ किलोमीटरला सव्वा तास लागला. सकाळी सातला निघालात तर वारा सुटायच्या आत परत याल.

चौथा दिवस: लेह–स्तोक. चोगलमसरला सिंधू ओलांडून समोरच्या बाजूला चढायचं. गावात राजघराण्याचा वाडा आहे. जाताना उतार आणि चढ, येताना पुन्हा उतार आणि चढ. खार्दुंगलाच्या आधी शरीराची आणि सायकलची चाचणी घ्यायला ही वाट उत्तम. एका सायकलचा मागचा गिअर इथेच घसरू लागला आणि संध्याकाळी दुकानात दुरुस्त करून घेता आला. हेच वर खिंडीत झालं असतं तर?

पाचवा दिवस: खार्दुंगला. आम्ही चढून गेलो नाही, हे आधीच सांगतो. सायकली जीपवर टाकून वर जायचं आणि सायकलवर उतरायचं, अशी सोय लेहमध्ये मिळते. परवाने आणि शुल्क यांचे नियम बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा.

पंधरा लाख ज्यूलचं करायचं काय?

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं, उतारच तर आहे, त्यात काय? पण एम-जी-एच करून बघा. ८५ × ९.८१ × १८५९ = साधारण १५.५ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत साडेचार लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. लेहला पोचून थांबायचं तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. ती जाते तीन ठिकाणी: हवेत, टायरमध्ये आणि ब्रेकमध्ये. ताशी २० किलोमीटरने उतरलं तर माझ्या हिशोबाने हवा आणि टायर मिळून निम्मी खातात, उरलेली निम्मी ब्रेकच्या वाट्याला. वर हवा विरळ असल्याने तिची मदत आणखी कमी.

वळणाचं गणित वेगळं. ताशी ४० वरून २० वर यायचं तर जवळजवळ ४००० ज्यूल तीन-चार सेकंदांत काढायचे. दोन्ही ब्रेक सारखे वापरले तर प्रत्येक डिस्कला २०००. डिस्कचं वजन १०० ग्रॅम धरलं आणि स्टीलची विशिष्ट उष्णता ५००, तर एका वळणाला तापमान ४० अंशांनी चढतं. एकच ब्रेक वापरला तर ८० अंशांनी. लागोपाठ चार वळणं घ्या आणि मध्ये थंड व्हायला वेळ देऊ नका, पुढचं तुम्हीच मोजा.

हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतली काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रिपॅक'. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग आलं, त्याचं मूळ अशा उतारांवर आहे. रिपॅकचा उतार होता सुमारे ४०० मीटरचा. खार्दुंगला त्याच्या साडेचार पट!

म्हणून पद्धत अशी: ब्रेक सतत अर्धवट धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडायचा, सरळ रस्त्यावर डिस्कला वारा लागू द्यायचा. दर पाच-सहा किलोमीटरला थांबायचं. डिस्कला बोट लावून बघायचा मोह टाळा. हातमोजे हवेतच. बोटं गारठली तर चांगला ब्रेकही उपयोगाचा नाही.

टायरमधली हवा कमी करायची का?

"वर दाब कमी, टायर फुटेल, हवा काढ," हा सल्ला आम्हाला तिघांनी दिला. लेहमध्ये २० अंशांना ३५ पीएसआय भरले आणि वर तापमान शून्य आहे, असं धरू. बाहेरचा दाब लेहमध्ये ९.५, वर ७.५. टायरमधला निरपेक्ष दाब ४४.५. तो थंडीने २७३ भागिले २९३ या प्रमाणात घटून ४१.५ होतो. त्यातून ७.५ वजा केले की गेजवर दिसणार ३४. म्हणजे बाहेरचा दाब घटल्याचा फायदा थंडीने खाल्ला. हवेला हात लावायची गरज नाही!

वर काय झालं

खिंडीत पोचलो तेव्हा आमच्यातल्या एकाचं डोकं ठणकत होतं आणि तो प्रश्नांना उशिरा उत्तरं देत होता. त्याला उतरायचंच होतं. "पैसे भरलेत, आणि खालीच तर जायचंय," हे त्याचं म्हणणं. बोलण्यात तथ्य होतं, उतरणं हाच त्यावरचा उपाय. पण उतरायचं कशाने? ज्याला उत्तर द्यायला तीन सेकंद लागतात, तो ताशी ३० ने त्या तीन सेकंदांत २५ मीटर जातो. समोरून लष्कराचा ट्रक आला तर? आम्ही तिघांनी त्याची सायकल जीपवर चढवली. तो चिडला, पार साउथ पुल्लूच्या चौकीपर्यंत जीपच्या खिडकीतून आमच्याकडे बघतही नव्हता. लेहला पोचेपर्यंत डोकं बरंच उतरलं होतं आणि संध्याकाळी थुक्पा त्यानेच मागवला.

बाकी तिघं अडीच तासांत उतरलो. साउथ पुल्लूच्या वर बर्फाचं पाणी रस्त्यावर येतं, तिथे खडी सुटी असते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि दरीच्या कडेला थांबायचं नाही, डोंगराच्या बाजूला थांबायचं. खिंडीतल्या पाटीवरची १८,३८० फूट उंची मात्र खरी मानू नका. जीपीएसने ती सुमारे १७,५८२ फूट भरते. आणि मोटारीचा सर्वात उंच रस्ता म्हणाल तर उमलिंगलाचा रस्ता २०१७ मध्ये झाल्यापासून तोही मान गेला.

ज्यांना जायचंय त्यांनी सेमिस्टरभर आठवड्यातून दोनदा तरी जवळच्या टेकडीवर सायकल न्या आणि पंक्चर काढायला शिका. लेहमध्ये दुकान निवडताना आमची सहा कलमांची यादी खिशात ठेवा. गिअर-ब्रेकचा हिशोब कुणाला पडताळायचा असेल तर माझी वही हॉस्टेलवर आहे. चूक सापडली तर चहा माझ्याकडून.