पोर्टफोलिओचं गिऱ्हाईक

पोरी, लग्नपत्रिकेचं काम तू कधी लांबवलंस का? नवरदेवाच्या बापानं रात्री अकराला चुलत्याचं नाव बदललं तरी सकाळी फाईल छापखान्यात जाते. तिथं मूड कुणी विचारत नाही, कारण मुहूर्त ठरलेला असतो आणि माणूस दारात बसलेला असतो. तुझ्या पोर्टफोलिओचं घोडं अडलंय ते इथंच. त्याला ना तारीख, ना गिऱ्हाईक, ना अॅडव्हान्स. तुझ्यात उमेद नाही असं मला अजिबात वाटत नाही. त्या कामाला मालक नाही, एवढंच. तेव्हा आधी मालक नेम. मला धर. तारीख दिवाळीच्या आधीची.

आम्हा पेंटर लोकांना हा प्रश्न पडला नाही. पाटी रंगवून झाली की खालच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि 'मुरुड' लिहायचं. लातूर–बार्शी रस्त्यानं जाणारा ते वाचायचा, आवडलं तर चौकशी करत यायचा. भिंतीच आमचा नमुना दाखवायच्या. आता फ्लेक्सखाली छापणाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर असतो, डिझाईन करणारीचं नसतं. आणि चार दिवसांनी तो फ्लेक्स कुणाच्या तरी कडब्यावर झाकण म्हणून जातो. तुझं काम तू ठेवलं नाहीस तर ते कुठंच राहत नाही, हे नीट ध्यानात घे.

म्हणून पहिली सवय ही लाव. ज्या दिवशी बिल पाठवशील त्याच दिवशी त्या कामाचं फोल्डर कर. मूळ फाईल, अक्षरांचे कर्व्ह केलेली फाईल आणि पीडीएफ, तिन्ही ठेव. श्रीलिपीत केलेलं मराठी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की काय होतं, हे तुला मी सांगायला नको. दुकानावर बोर्ड चढला की सकाळच्या उन्हात त्याचा फोटो काढ. दुपारी फ्लेक्स चमकतो, काही दिसत नाही. आणि काम दाखवायची परवानगी अॅडव्हान्स घेतानाच व्हॉट्सअॅपवर लिहून माग. तेव्हा माणूस खुशीत असतो.

तू म्हणतेस, माझ्याकडं दाखवण्यासारखं आहेच काय, वाढदिवसाचे बॅनर? अगं, एका बॅनरवर वीस-पंचवीस चेहरे, त्यात साहेबांचा फोटो मोठा, भाऊंचा त्याहून थोडा लहान, आणि कुणाचं डोकं कुणाच्या वर गेलं तर गावात भांडण. पुण्यातल्या एखाद्या डिझायनरला हे करून दाखव म्हणावं! असा एकच बॅनर निवड. त्याच्याखाली चार ओळी लिही: काम कुणाचं होतं, अडचण काय होती, तू काय केलंस, पुढं काय झालं. बघणाऱ्याला चित्रापेक्षा त्या चार ओळींत तुझं डोकं जास्त दिसतं. पण एकच हं. बाकीचे तुझ्यापाशीच राहू दे. सगळी मिळून सहा-आठ कामं पुरे. सगळ्यात चांगलं पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी.

आता खरी मजेची गोष्ट. मनासारखं काम देणारं गिऱ्हाईक येत नसेल तर ते काम स्वतःच स्वतःला दे. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. ती डाळ मुंबईच्या दुकानात एक किलोच्या पाकिटात ठेवायची तर पाकीट कसं असावं? कर की. नाहीतर तेर घे, इथून काही लांब नाही. जुन्या काळचं तगर, परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं, गोरोबाकाकांचं गाव, आणि तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय. शाळेच्या सहलीतल्या पोरांच्या हातात देता येईल अशी एक घडीपत्रिका त्याच्यासाठी कर. किंवा बार्शी लाईट. 1911 मध्ये लातूरला पोचलेली अडीच फुटी रुळांची ती गाडी आपल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेली आहे. तिच्यावर पोस्टरांची माळ केलीस तर घरातच माहिती देणारे चार जण भेटतील. मला विचारशील तर आधी डाळ कर. पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता सगळं बसवावं लागतं, आणि काम देणारा तेच बघतो. फक्त खाली 'स्वतःहून केलेलं काम' असं स्पष्ट लिही. नसलेलं गिऱ्हाईक दाखवू नको. आपल्याकडं कोण कुणाच्या ओळखीचा निघेल, सांगता येत नाही.

एक गोष्ट तुझ्याकडं आहे आणि तिची तुला किंमत नाही: मराठी अक्षर. रफार कुठं बसतो, वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला कधी भिडते, हे तुला नजरेनं कळतं. कमल शेडगे (1935–2020) यांनी जन्मभर अक्षरंच काढली. नाटकाची जाहिरात वर्तमानपत्रात यायची, दुसऱ्या दिवशी त्या कागदात भजी बांधली जायची. पण त्या अक्षरांची 'चित्राक्षरं', 'कमलाक्षरं' अशी पुस्तकं झाली, म्हणून आज आपल्याला ती बघता येतात. तुझ्या विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशींनी केलेला. 'मुक्ता' हा मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेचा, फुकट वापरता येतो. पोर्टफोलिओतली निदान दोन पानं मराठी अक्षरांची ठेव. इंग्रजीत चांगलं करणारे शंभर भेटतात, देवनागरी नीट बसवणारे शोधावे लागतात.

बाकी वेळेचं म्हणशील तर दुकानं उघडायच्या आत, फोन सुरू व्हायच्या आत अर्धा तास. रात्री नको. रात्री तू मोबाईलवर दुसऱ्यांची चकाचक कामं बघत बसतेस आणि हातपाय गाळतेस. ती मंडळी आपलं निवडक दाखवतात, त्यांचेही वाढदिवसाचे बॅनर असतीलच कुठंतरी. वेबसाईट कुठली घ्यायची, रंग कुठला, यात महिना घालवू नको. साधी पीडीएफ कर, व्हॉट्सअॅपवर पटकन उघडेल एवढी हलकी.

आणि पहिल्या पानावर तुझ्या नावाखाली 'मुरुड, जिल्हा लातूर' असं पूर्ण लिही. नुसतं मुरुड लिहिलंस तर लोक जंजिरा आणि समुद्राचं विचारत बसतील.

या आठवड्यात फक्त कामांची यादी पाठव, नुसती नावं. डाळीचं पाकीट त्याच्या पुढच्या आठवड्यात. नाही आलं तर मी फोन करणार, आणि तुझ्या आईला नाही, तुलाच करणार.