अधिबोधाचे मापन व संपादणूक ध्येये

आपल्याला काय कळले आहे आणि काय नाही, याची जाणीव म्हणजे अधिबोध. तिच्या मापनासाठी श्रॉ व डेनिसन यांनी १९९४ मध्ये ५२ विधानांची सूची तयार केली. मात्र उत्तरे विद्यार्थीच देत असल्याने त्याचा फाजील आत्मविश्वासही त्यात मिसळतो. विषयावर प्रभुत्व हे ध्येय मानणाऱ्यांत ही जाणीव सामान्यतः अधिक आढळते. केवळ अपयश टाळू पाहणाऱ्यांत हा संबंध क्षीण असतो.

परीक्षेत या जाणिवेला थेट मोल आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरासाठी प्रश्नाचे एक-तृतीयांश गुण वजा होतात. चारांपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडल्यास अपेक्षित लाभ शून्य. एक पर्याय खात्रीने वगळता आल्यास तो प्रश्नाच्या गुणांचा एक-नवमांश. सरावात प्रत्येक उत्तरापुढे खात्रीची टक्केवारी लिहून ती निकालाशी ताडावी. हे मापन सूचीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.