नैराश्याची गोळी मला कशाला?



मधुमेहाने पायांची आग होते म्हणून डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. घरी नातवाने डबीतला हिब्रू कागद वाचला आणि म्हणाला, "सावता, ही तर नैराश्याची गोळी!" झाले, गोळी कपाटात गेली. "मी काय वेडी आहे?" असे विचारणाऱ्या आपल्या कितीतरी बायका, आणि पुरुषही, मला भेटतात.

मनाच्या औषधांचे उपयोग अनेक आहेत. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना त्याला आवर घालणारी काही रसायने आणि मन सावरणारी रसायने एकच असतात. म्हणून नैराश्यासाठी 75 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन नसांच्या दुखण्यासाठी सहसा रात्री 10 ते 25 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ड्युलोक्सेटिनही पायांच्या आगीवर चालते. मात्र अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.

खरे नैराश्य आपल्या वयात "मी दुःखी आहे" असे सांगत येत नाही. जेवण जात नाही, अंग दुखते, पहाटे तीनला जाग येते. त्यावरच्या एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, आणि नेमकी तेव्हाच लोक गोळी सोडतात! पण बोलण्यात गोंधळ वाटला, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातले सोडियम कमी होऊ शकते.

गंमत अशी, की नैराश्याच्या गोळीला भिणारी माणसे झोपेची गोळी मात्र शेजारणीकडून मागून घेतात. मला भीती वाटते ती हिचीच. लोरिवान, क्लोनेक्स, बोंडॉर्मिन या गोळ्या थोडे दिवस ठीक. वर्षानुवर्षे घेतल्या तर विसराळूपणा वाढतो, रात्री लघवीला उठताना पाय अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. तरीही हा लेख वाचून आज रात्रीपासून बंद करू नका. रोजची सवय एकदम तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू, कित्येक आठवडे घेऊन, मात्रा उतरवतात.

कुपात खोलिममध्ये जाताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या. प्रत्येक डबीबद्दल विचारा: ही कशासाठी, किती दिवस, बंद कशी करायची? उत्तर डबीवरच मराठीत लिहून ठेवा.

आणि शब्बाथला झोपेची गोळी घ्यायची असेल, तर किद्दूशला वाइनऐवजी द्राक्षांचा रस चालतो.